साचा, शिसे आणि कागद

मराठी समीक्षेत ‘साचेबंद’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. कथा साचेबंद आहे, पात्रे साचेबंद आहेत, भाषा साच्यातून काढल्यासारखी आहे, असे म्हटले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. या शब्दामागे काही गृहीतके आहेत. साचा आधीपासून तयार असतो, तो निर्जीव असतो, आणि त्यात काहीही ओतले तरी बाहेर तीच ती वस्तू येते. ही गृहीतके कितपत खरी आहेत, हे साच्याशी ज्यांचा हाताने संबंध येतो त्यांना विचारायला हवे. गेल्या दोन वर्षांत मला तसे विचारावे लागले, आणि तेही साहित्यापासून फार दूरच्या एका व्यवहाराच्या निमित्ताने. तो व्यवहार म्हणजे जुन्या रायफलीच्या काडतुसांसाठी शिशाच्या गोळ्या ओतणे.

माझा मामेभाऊ पुष्कळ वर्षे अमेरिकेत आहे. पापडीतल्या बहुतेक घरांतून असा एखादा माणूस परदेशी असतो, आणि नाताळला तो आला की घरात नवी खेळणी, चॉकलेटे आणि नवे छंद येतात. दादाचा छंद मार्टिनी-हेन्री रायफलीचा. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी ही रायफल. त्याच्याकडची नेपाळमधून आलेली आहे. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात राणांच्या काळापासून पडून राहिलेला शस्त्रसाठा २००३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि धुळीने माखलेल्या हजारो बंदुका हौशी संग्राहकांच्या घरी पोचल्या. दादा तिने कागदी लक्ष्यावर नेम धरतो. प्राण्यावर त्याने कधी गोळी झाडलेली नाही, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनीही या छंदाला फारसा विरोध केला नाही.

पण बंदूक मिळाली म्हणजे काडतूस मिळाले असे नाही. या रायफलीची काडतुसे दुकानात सहज मिळत नाहीत. ती स्वतः भरावी लागतात. पितळी नळकांडे, त्यात काळी दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. मूळ लष्करी काडतुसात दारू ८५ ग्रेन आणि गोळी ४८० ग्रेन असे. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा आपल्या सोनाराच्या हिशेबाने ही एकेक गोळी पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. आपल्याकडे हा उद्योग कोणी हौसेने करू म्हणेल तर त्याने आधी १९५९चा शस्त्र कायदा वाचावा. त्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरलेली आहे. म्हणजे जिच्यातून काही निघायचे आहे ती वस्तू, आणि जे निघते ते, या दोहोंना कायद्याने एकच नाव दिले. साचा आणि आशय यांच्या अभेदाचा याहून ठाम पुरस्कार मी कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेला नाही!

असो. मुद्दा गोळीचा. पेचदार खाचांच्या नळीतून जाणारी गोळी त्या खाचांत घट्ट बसली तरच तिला पीळ मिळतो आणि ती सरळ जाते. सैल असेल तर दारूचा वायू तिच्या बाजूने निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम कुठल्या कुठे जातो. म्हणून साचा निवडण्याआधी नळी मोजावी लागते. त्याची रीत सोपी वाटते. नळीला आतून तेल लावायचे, शुद्ध मऊ शिशाचा गोळा एका टोकाने दाबून गजाने हळूहळू पलीकडे ढकलायचा. बाहेर आलेल्या गोळ्यावर नळीचा अंतर्भाग उलटा उमटलेला असतो. तो मायक्रोमीटरने मोजायचा. गंमत अशी की हेन्रीच्या पद्धतीच्या या नळीत खाचा सात आहेत. संख्या विषम असल्यामुळे एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येत नाही, उंचवटा येतो. साध्या मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत धरून खरा व्यास कळतच नाही. त्यासाठी तीन ठिकाणी टेकणारे साधन किंवा व्ही आकाराचा ठोकळा वापरावा लागतो. आपण ज्या साधनाने मोजतो ते साधनच समोरच्या वस्तूची रचना समसमान आहे असे धरून चालते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

रायफलीच्या नावात ०.४५० इंच हा आकडा आहे. दादाच्या नळीचे माप खाचांच्या तळापासून ०.४६८ इंच भरले. नावातला आकडा आणि प्रत्यक्ष नळी यांत असा फरक असणे या रायफलींच्या बाबतीत अजिबात नवलाचे नाही; त्यातही नेपाळमधून आलेल्या बंदुकांच्या नळ्या एकीला एक मिळत नाहीत. म्हणजे ‘मार्टिनीचा साचा’ असा एकच साचा संभवत नाही. अमुक एका नळीचा साचा असतो. साचा आधी आणि वस्तू नंतर, ही आपली समजूत इथे पहिल्या पायरीवरच उलटते. आधी नळी, मग माप, मग साचा.

दादाकडे एक साचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, लोखंडी, सांडशीसारखा उघडणारा, लाकडी मुठींचा. तो अमेरिकन सैन्याच्या ०.४५-७० या काडतुसासाठी केलेला. त्यातून मऊ शिशाची गोळी पडे ती ०.४५९ इंचांची. नऊ सहस्रांश इंच कमी, म्हणजे पाव मिलिमीटरलाही थोडे कमीच. हातात धरून दोन गोळ्यांतला हा फरक दिसत नाही; नळीला मात्र कळतो.

आता हा साचा मोठा करण्याचे मार्ग. पहिला मार्ग, साच्याच्या दोन अर्ध्या भागांमध्ये उष्णता सोसणारी पातळ धातूची पट्टी चिकटवायची, म्हणजे साचा पूर्ण मिटत नाही आणि गोळी किंचित जाड पडते. पण ती एकाच अंगाने जाड होते, गोल राहत नाही, आणि दोन-तीन सहस्रांशांपलीकडे ही युक्ती चालत नाही. दुसरा मार्ग, साच्यातच एक गोळी ओतून तिला घासणारी लेई लावायची आणि ती साच्यात फिरवत राहायचे. साचा आतून झिजतो, गोल राहतो, पण याही रीतीने एकदोन सहस्रांशच मिळतात. तिसरा मार्ग, साचा लेथवर चढवून आतून कापायचा. त्याने हवे ते माप मिळते. मात्र मग तो साचा जुना राहत नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोणा कारागिराने कापलेल्या कडा त्या दुपारी भुशाच्या रूपाने लेथखाली पडतात, आणि ०.४५-७०ची गोळी त्यातून पुन्हा कधीही पडत नाही. चौथा मार्ग अर्थातच नवा साचा करून घेण्याचा. मापे कळवली की तसा साचा पितळेत किंवा अॅल्युमिनियमात करून देणारे कारागीर आजही आहेत. पैसे आणि प्रतीक्षा, दोन्हींची तयारी हवी.

दादाने हे सगळे मला का सांगितले? त्याला माझे वडील आठवले म्हणून. वडील खिळे जुळवणारे कंपॉझिटर होते. ज्या लहानशा छापखान्यात त्यांची हयात गेली तो बंद झाला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांच्या पदरात पडले ते खिळे. त्यांतले बरेचसे त्यांनी भंगारात घातले. वसईच्या किनाऱ्यावर जाळ्यांना शिशाची वजने लागतात, तिकडे काही गेले असावेत. उरलेले चौदा किलो एका लाकडी पेटीत आमच्या माळ्यावर आहेत. खिळ्यांना हात लावला की साबणाने हात धुतल्याखेरीज त्यांनी आम्हाला भाकरीला शिवू दिले नाही. शिसे रक्तात जाते हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते, जोडीदारांच्या प्रकृतीवरून कळलेले होते.

आणि इथे दोन व्यवसायांची गाठ पडते. छपाईचा खिळा आणि बंदुकीची गोळी या एकाच धातूच्या दोन संतती आहेत. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, चुलीच्या आचेवरही ते पातळ होते. पण एकटे शिसे मऊ. त्यात कथील घातले की ते साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरते. अँटिमनी घातले की कठीण होते आणि थंड होताना फारसे आकसत नाही. लायनोटाइपच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणि कथील याहून जास्त. अमेरिकेतले गोळ्या ओतणारे हौशी लोक म्हणूनच बंद पडलेल्या छापखान्यांच्या मागावर असतात. दादाने विचारले, “बाय, चार-पाच किलो खिळे मला देशील? नाहीतरी माळ्यावर पडूनच आहेत.”

देवनागरीच्या इतिहासात साच्याचा प्रश्न किती मोठा होता हे आपण सहसा विसरतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली जुनी इच्छा सांगितली, आणि ती अपुरी राहण्याचे एक कारण दिले ते साच्यांचे. युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. परिणाम असा झाला की ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमी लिपीत. अकरा हजारांच्या घरात ओव्या, भाषा मराठी, आणि अक्षरे मात्र परकी! ते पुराण देवनागरीत छापून मराठी वाचकाच्या हाती आले ते शांताराम बंडेलू यांच्या १९५६च्या आवृत्तीने. तीनशे चाळीस वर्षांचा हा विलंब केवळ साच्यांमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण विलंबाची सुरुवात तिथे झाली. वसईच्या ख्रिस्ती घरातून आलेली मराठीची शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट नेहमीच थोडी जवळची वाटत आली आहे.

पुढे हे साचे कापले गेले. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून तिथे जी अक्षरे ओतली गेली त्यांनी मराठी आणि संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे घडवले. आणि त्याच १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. एकाच मुंबई इलाख्यात, एकाच वर्षी, शिशाला दोन मोठी घरे मिळाली.

बंदुकीच्या गोळीचे माप हा त्या काळात तांत्रिक प्रश्न राहिलेला नव्हता. १८५७च्या उद्रेकाला निमित्त झालेल्या एनफील्ड रायफलीचे काडतूस कागदी होते आणि त्याला चरबी चोपडलेली असे. ती रायफल पुढून ठासायची. काळ्या दारूची काजळी नळीत बसली की ०.५६८ इंचांची गोळी आत ढकलणे जड जाई. पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचांपर्यंत उतरवला गेला. साचा बदलला तो असा, भारताच्या उन्हात आणि धुळीत आलेल्या अनुभवाने. आणि उठावानंतर राज्यकर्त्यांनी एक अलिखित माप ठरवले, हिंदी शिपायाच्या हातातले हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागे असावे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला जी लढाई ब्रिटिश हरले, तीत ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या बॉम्बे ग्रेनेडिअर्सकडे जुन्या स्नायडर. स्नायडर म्हणजे तीच एनफील्ड, मागून काडतूस भरता यावे म्हणून कापून बदललेली. दादाची रायफल मी प्रथम फोटोत पाहिली तेव्हा मला तिचे लाकूड, तिचा खटका सुंदर वाटला. मग ही ओळ आठवली. सुंदर वस्तूंच्या बाबतीत असे होते.

आता खिळ्यांचे काय? दादाला नकार देण्याचे एक सोयीचे कारण मला विज्ञानाने देऊ केले होते. मार्टिनीची गोळी मऊ हवी. ब्रिटिशांनीही तिच्यात बारा भाग शिशाला एक भाग कथील इतकेच घातले होते. कारण काळ्या दारूचा धक्का बसताक्षणी मऊ गोळी मागून किंचित फुगते आणि खाचा भरून काढते. अँटिमनीने कठीण झालेली गोळी तशी फुगत नाही. तेव्हा खिळ्यांचा धातू या कामाला नकोच, असे मी त्याला कळवले. त्याचे उत्तर तयार होते. शुद्ध शिशाच्या मोठ्या वाट्यात थोडेसेच खिळे मिसळले तर कठीणपणा उरत नाही, पुष्कळ जण तसे करतात. ते बरोबर होते.

दुसरे कारण भावनेचे. अक्षर म्हणजे अ-क्षर, त्याची गोळी कशी करायची? पण हे कारण वडिलांनीच खोडून काढले असते. झिजलेला, मात्रा तुटलेला खिळा ते निर्विकारपणे वेगळ्या डब्यात टाकत. तो डबा भरला की वितळायला जाई आणि त्याच शिशाचे नवे खिळे येत. वितळणे हा खिळ्याच्या आयुष्याचा भागच आहे. युद्धाच्या काळात शिसे कशाचेही काय होते याला इतिहासात तोटा नाही. ९ जुलै १७७६ला न्यूयॉर्कच्या लोकांनी तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला, त्याच्या ४२,०८८ गोळ्या झाल्याची नोंद आहे. राजाच्या पुतळ्याची गोळी होते, मग झिजलेल्या ‘र’ची का होऊ नये?

पण एक फरक होता, आणि तो मला दादाच्या साच्यानेच दाखवला. खिळा वितळवणे स्वाभाविक असते ते त्याचा साचा शाबूत असेपर्यंत. पेटीतले ते वळण ज्या मातृकांवरून ओतले गेले त्या मातृका आता कुठेही नाहीत. ती फाउंड्री नाही, कोरणारा हात नाही. त्या चौदा किलोंतून काही काढले तर पुन्हा भरता येणार नाही. लेथवर चढवलेल्या साच्याचेही तेच. बदल करू नये असे नाही. परतीची वाट बंद करणारा बदल शेवटी करावा, आणि त्याआधी इतर सगळे करून पाहावे. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी घेतला तेव्हा चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा उतरवून नेल्या गेल्या. त्या धातूच्या तोफा ओतता आल्या असत्या. त्याऐवजी त्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाला टांगल्या गेल्या आणि आजही तिथे आहेत. घंटेचा धर्म बदलला. पण ती घंटा राहिली. पापडीच्या माणसाला या हकिकतीत नुसता अभिमान किंवा नुसते दुःख सापडत नाही, दोन्ही सापडतात; पण त्या वितळल्या नाहीत याचे समाधान मात्र निखालस असते.

मी दादाला नाही म्हटले, आणि हे कारणही सांगितले. तो आठवडाभर गप्प होता. नंतर त्याचे पत्र आले ते साच्याविषयी. साचा कापायचा नाही असे त्याने ठरवले होते. आणि उपाय जुनाच निघाला. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मूळ मार्टिनी गोळीभोवती कागद गुंडाळलेला असे. ०.४५९ इंचांच्या गोळीवर दोन सहस्रांश जाडीच्या चिंधीच्या कागदाचे दोन वेढे द्यायचे. प्रत्येक वेढा व्यासात दोन्ही बाजूंनी भर घालतो, म्हणजे आठ सहस्रांश. बेरीज ०.४६७. उरलेला एक सहस्रांश मऊ शिसे धक्क्याने फुगून स्वतः भरते. कागद ओला करून गुंडाळायचा, वाळला की तो आवळून बसतो. साच्याला हात लागत नाही, नळीला तक्रार राहत नाही.

हे वाचून मला ‘काडतूस’ या आपल्या शब्दाचे मूळ पाहावेसे वाटले. तो पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षे राहिले, गेले, आणि कागद असा एका धातूच्या शब्दात लपवून ठेवून गेले.

ग्रंथांच्या बाबतीत आपल्या परंपरेने हे दोन्ही मार्ग पाहिले आहेत. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते साच्याला हात लावणे होते, आणि तो हात इतका अधिकाराचा होता की पुढच्या काळात तीच प्रत मुख्य ठरली. १९०९ साली राजवाड्यांनी वेगळी प्रत छापली तेव्हा प्रश्न पडला तो हाच, की शुद्धीच्या आधीची नळी कोणत्या मापाची होती? दुसरीकडे खुद्द ज्ञानेश्वरी ही टीका आहे. गीतेच्या एका अक्षराला धक्का न लावता तिच्याभोवती नऊ हजार ओव्यांचे वेष्टन घालून ती दुसऱ्या काळाच्या, दुसऱ्या भाषेच्या श्रोत्यात नेमकी बसवली गेली. जुनी संहिता आणि आजचा वाचक यांच्यात नऊ सहस्रांशांचे अंतर नेहमीच राहणार. शाळेसाठी सोप्या केलेल्या आवृत्त्या ते अंतर लेथवर भरून काढतात. शिक्षकाने वर्गात बोललेली चार वाक्ये ते कागदाने भरतात.

दादाने पुढच्या पत्रात कागदाविषयी आणखी एक गोष्ट कळवली. हा कागद गोळीबरोबर लक्ष्यापर्यंत जाता कामा नये. नळीच्या खाचा त्याला कापतात, आणि तोंडातून बाहेर पडताच त्याच्या चिंध्या उडून खाली पडल्या पाहिजेत. एखादा तुकडा गोळीला चिकटून राहिला की ती भरकटते. म्हणून तो झाडल्यावर आधी लक्ष्य पाहत नाही, पुढे दहा-पंधरा पावले जाऊन गवतात पांढरे कपटे पडलेत का ते पाहतो. ते नीट सुटलेले असले की लक्ष्य पाहायला जाण्याची फारशी गरज राहत नाही, असे तो लिहितो.